तेलाचा अंदाज आणि शेतकऱ्याचा हिशेब

(नाशिक जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाविषयी बोलायचे, ज्वारीच्या खरेदीविषयी बोलायचे, असे ठरले आहे. ते होईलच. पण त्याआधी एका वेगळ्या प्रश्नाला हात घालणार आहोत. मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर या कोरडवाहू भागात आम्ही कुठेही बसलो की कोणी ना कोणी विचारतो, "जगातले तेल संपत आले म्हणतात. मग ट्रॅक्टरचे कर्ज काढावे, की दावणीचे बैल ठेवावेत?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ट्रॅक्टरचे कर्ज सहा-सात वर्षे मानेवर असते आणि एकदा बाजारात गेलेली बैलजोडी परत दावणीला येत नाही. म्हणजे दहा वर्षांनी डिझेल मिळेल का आणि काय भावाने मिळेल, याचा अंदाज आम्ही आज बांधतोच आहोत. कोणी कागदावर बांधतो, कोणी मनात. असाच अंदाज मोठमोठे शास्त्रज्ञ गणित मांडून बांधत आले आहेत. त्यांचे गणित काय आहे, ते कुठे खरे ठरले, कुठे फसले आणि त्यातून आपण काय घ्यायचे, एवढेच आज सांगायचे आहे. गणित म्हटले की घाबरू नका. ज्याने कपाशी वेचली आहे, त्याला हे गणित येतेच.

तेलाशी आपले नाते

मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून जमिनीखालच्या नळाने तेल तिथे येते आणि तिथून टँकर भरून गावोगावच्या पंपांवर जाते. तेल आमच्या शिवाराखालून वाहते, पण त्याचा भाव आमच्या शिवारात ठरत नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते.

नाते डिझेलपुरतेच नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. रायगड जिल्ह्यातल्या थळचा युरियाचा कारखाना मुंबई हायच्या वायूच्या भरवशावरच उभा राहिला. आणि कापूसवाल्यांनी तर हे पक्के ध्यानात ठेवावे की पॉलिएस्टरचा धागा खनिज तेलापासून निघतो. आज जगात जेवढा धागा तयार होतो, त्यात निम्म्याहून जास्त पॉलिएस्टर आहे. कापूस राहिला आहे पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तेल स्वस्त झाले की पॉलिएस्टर स्वस्त होते आणि कापसाचा भाव दाबला जातो. तेल महागले की नांगरट, मळणी, वाहतूक महागते. दोन्हीकडून झळ आम्हालाच. तेव्हा तेलाचा अंदाज हा आमचाही विषय आहे.

वेचणीचे गणित

कपाशीची वेचणी डोळ्यांपुढे आणा. पहिल्या वेचणीला थोडी बोंडे फुटलेली असतात, कापूस थोडा निघतो. मग शेत पांढरे होते, सर्वांत भारी वेचणी होते. त्यानंतर कापूस उतरत जातो आणि शेवटी पऱ्हाटीवर चार बोंडे राहतात. आठवड्याला किती कापूस निघाला ते कागदावर मांडले तर टेकडीसारखा आकार येतो. एक चढ, एक शिखर, एक उतार.

आता समजा, घरात २० क्विंटल कापूस साठला त्या वेळी आठवड्याला ८ क्विंटल निघत होता. म्हणजे साठलेल्या कापसाच्या ४० टक्के. पुढे ४० क्विंटल साठला तेव्हा आठवड्याला १२ निघत होता. निघालेला कापूस वाढला, पण साठलेल्या मालाशी त्याचे प्रमाण ३० टक्क्यांवर आले. वीस क्विंटल साठले आणि दहा टक्के उतरले. हाच उतार कायम धरला, तर ६० ला २० टक्के, ८० ला १० टक्के आणि १०० ला शून्य. म्हणजे एकूण कापूस १०० क्विंटल होणार आणि त्यातला निम्मा, ५० क्विंटल घरात येईल तेव्हा सर्वांत भारी आठवडा असणार. अर्धी वेचणी व्हायच्या आतच आपण शेवटचा आकडा सांगून मोकळे झालो.

तेलाच्या शिखराचे सगळे मॉडेल म्हणतात ते मुळात एवढेच. बेल्जियममधल्या व्हेरहुल्स्ट नावाच्या गणितज्ञाने १८३८ साली लोकसंख्येच्या वाढीसाठी हे सूत्र मांडले होते. पुढे ते तेलाला लावले गेले.

पण याच हिशेबातली एक खोच पाहा. दुसऱ्या मोजणीला १२ ऐवजी १३ क्विंटल भरला असता, काट्यात एका क्विंटलचा फरक पडला असता, तर प्रमाण साडेबत्तीस टक्के आले असते आणि तोच हिशेब पुढे नेला तर एकूण कापूस १०० वरून १२७ क्विंटलवर गेला असता. एका क्विंटलच्या चुकीने सत्तावीस क्विंटलचा फरक! गणितात चूक नव्हती. चूक काट्यात होती. हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

हबर्ट यांचा अंदाज

मॅरियन किंग हबर्ट हे अमेरिकेतल्या शेल कंपनीचे भूगर्भशास्त्रज्ञ. मार्च १९५६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात तेल उद्योगाच्या सभेपुढे त्यांनी निबंध वाचला. अमेरिका तेव्हा जगातला सर्वांत मोठा तेल उत्पादक देश होता. हबर्ट यांनी अशीच टेकडी काढली. सूत्र त्यांनी नंतर जोडले. त्या वेळी रेघ हाताने ओढली होती. एकूण तेल १५० अब्ज पिंपे धरले तर शिखर १९६५ च्या सुमाराला येईल आणि २०० अब्ज धरले तर १९७० च्या सुमाराला, असे त्यांनी सांगितले. एक पिंप म्हणजे १५९ लिटर.

त्यातली मेख बघा. जमिनीतले तेल एक तृतीयांशाने जास्त धरले, तरी शिखर फक्त पाच वर्षे पुढे गेले. वापर वाढतच असला की भांडार केवढेही मोठे धरा, त्याने फार दिवस मिळत नाहीत.

१९७० साली अमेरिकेचे उत्पादन दिवसाला सुमारे ९६ लाख पिंपांवर गेले आणि तिथून उतरू लागले. तीनच वर्षांनी अरब देशांनी पुरवठा रोखला, भाव चौपट झाले, आणि हबर्ट यांचे नाव जगभर झाले.

आपल्या घरची टेकडी

अशी टेकडी आपल्या घराजवळही आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात तेल शोधले. २१ मे १९७६ रोजी मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. १९८० च्या दशकात ते दिवसाला चार लाख पिंपांच्या वर गेले आणि मग उतरणीला लागले. पुढे नव्या विहिरी घेतल्या, जुन्या दुरुस्त केल्या, त्याने उतार मंदावला. जुलै २००५ मध्ये तिथल्या एका फलाटाला मोठी आग लागली. असल्या गोष्टी कोणत्याच सूत्रात बसत नाहीत. आज मुंबई हायचे तेल शिखराच्या एक तृतीयांशाच्या आसपास आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक मदत घेण्याचे जाहीर केले.

एका तेलक्षेत्राला वेचणीचे गणित बऱ्यापैकी लागू पडते, हे यावरून दिसते. पण सगळ्या देशाचा हिशेब घ्या. राजस्थानात बाडमेरला २००४ साली नवे तेल सापडले, २००९ पासून निघू लागले, आणि मुंबई हाय उतरत असताना देशाचे उत्पादन २०११-१२ साली ३ कोटी ८० लाख टनांपर्यंत चढले. आता ते पुन्हा तीन कोटी टनांच्या आत आले आहे. एका टेकडीच्या पाठीमागे दुसरी टेकडी निघाली. १९९० साली बसून पहिल्याच टेकडीवरून कोणी देशाचा हिशेब केला असता, तर तो चुकला असता.

जगाचा हिशेब का फसला

हबर्ट यांनी १९५६ सालीच जगाचाही अंदाज दिला होता. जगात एकूण १,२५० अब्ज पिंपे तेल निघेल आणि २००० सालच्या सुमाराला वर्षाला साडेबारा अब्ज पिंपांचे शिखर येईल, असा. २००० साल उजाडले तेव्हा जग त्याच्या दुपटीच्या घरात तेल काढत होते.

१९७२ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या मंडळींनी संगणकावर मॉडेल चालवून 'लिमिट्स टू ग्रोथ' नावाचे पुस्तक काढले. त्यात एक कोष्टक होते. माहीत असलेले तेलाचे साठे आणि वाढता वापर धरला तर तेल २० वर्षे पुरेल. साठे पाचपट धरले तर ५०. बिचाऱ्यांनी दोन्ही आकडे दिले होते. जगाने पहिलाच वाचला आणि घाबरले. १९९२ साली तेल संपले नाही.

मार्च १९९८ मध्ये कॅम्पबेल आणि लाहेरेर या दोन तेलतज्ज्ञांनी लिहिले की नेहमीच्या तेलाचे उत्पादन २०१० च्या आधी उतरणीला लागेल. त्या वर्षी पिंपाचा भाव दहा-बारा डॉलरपर्यंत पडला होता, कोणी फारसे मनावर घेतले नाही. जुलै २००८ मध्ये तोच भाव १४७ डॉलरवर गेला. नेहमीच्या कच्च्या तेलाचे शिखर २००६ सालीच येऊन गेले, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१० साली लिहिले. म्हणजे ही मंडळी अगदीच चुकली नव्हती.

पण मग अमेरिकेत काय झाले पाहा. १९७० पासून उतरत गेलेले उत्पादन २००८ साली दिवसाला पन्नास लाख पिंपांवर आले होते. हबर्ट यांच्या टेकडीचा उतार जवळपास रेघेवर चालला होता. आणि तिथून ते वर फिरले. खडकाच्या थरात आडवी विहीर घ्यायची, पाण्याच्या दाबाने खडक तडकवायचा आणि अडकलेले तेल काढायचे, हे तंत्र आले. २०१८ साली अमेरिकेने १९७० चे शिखर मागे टाकले आणि २०२३ पर्यंत उत्पादन दिवसाला १ कोटी २९ लाख पिंपांच्या घरात गेले.

हा खडक १९५६ सालीही तिथेच होता. मग हबर्ट यांनी तो का मोजला नाही?

परत कपाशीच्या शेतात या. भाव पडलेला असला आणि वेचणीची मजुरी अंगावर येत असली, तर शेवटचा कापूस झाडावर तसाच राहतो आणि शेतात मेंढरे बसतात. भाव चढला, की कवडी कापूससुद्धा वेचून घेतो, अवकाळी पाऊस झाला तर फरदड ठेवतो. शेत तेच, बियाणे तेच. एका वर्षी ते ८० क्विंटल होते, एका वर्षी १००. एकूण कापूस किती, याचे उत्तर शेतात नसते. ते भाव आणि मजुरी यांच्या वजाबाकीत असते.

तेलाचेही तेच आहे. दहा डॉलरला न परवडणारा खडक सत्तर-ऐंशी डॉलरला परवडतो. हबर्ट यांच्या सूत्रात सगळे होते, फक्त भाव नव्हता. जमिनीतले एकूण तेल हा आकडा त्यांनी त्या दिवशीच्या भावाचा आणि त्या दिवशीच्या तंत्राचा घेतला आणि तो कायमचा धरला. भाव बदलला, तंत्र बदलले, कोठार मोठे झाले.

याचा अर्थ तेल अमर आहे असा नाही. खडकाच्या विहिरीचे उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याखाली येते, सारखी नवी विहीर घ्यावी लागते. संपते आहे ते तेल नव्हे, स्वस्तात निघणारे तेल संपते आहे. फरदडीचा कापूस महागच पडतो.

अंदाज कोणाचा, किंमत कोणाची

आता वाद उलटा झाला आहे. तेल कमी पडण्याआधी गिऱ्हाईकच कमी होईल, विजेच्या गाड्या येतील आणि मागणीचे शिखर या दशकाअखेर येईल, असे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ साली सांगितले. तेल विकणाऱ्या देशांची ओपेक संघटना म्हणते, मागणी वाढतच राहील. एक संस्था प्रामुख्याने तेल घेणाऱ्या देशांनी उभी केलेली, दुसरी तेल विकणाऱ्यांची. आम्ही बाजार समितीत आयुष्य घालवले आहे. घेणारा म्हणतो माल उदंड आहे, विकणारा म्हणतो गिऱ्हाईक उदंड आहे. दोघेही खोटे बोलतात असे नाही. पण कोणाचा अंदाज आहे हे पाहिल्याशिवाय आकडा खिशात घालू नये.

आणि अंदाज चुकला तर भरपाई कोण देतो? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तोंडपाठ आहे.

२०११-१२ च्या हंगामात सरकारच्या कापूस सल्लागार मंडळाने ताळेबंद मांडला आणि निर्यातीसाठी ८४ लाख गाठी शिल्लक आहेत असे धरले. निर्यात त्या आकड्यापुढे गेली. देशातला कापूस संपला नव्हता, कागदावरचा आकडा संपला होता. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी आली. ओरड झाली, काही दिवसांत बंदी सैल करावी लागली. अंदाज दिल्लीचा, कापूस आमचा.

७ डिसेंबर २०२३ या एकाच तारखेला दोन हुकूम निघाले. साखर कमी होईल असा अंदाज, म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई. कांदा कमी पडेल असा अंदाज, म्हणून कांद्याची निर्यात बंद. तेलाची आयात कमी करायची म्हणून ज्यांनी कारखान्यांना इथेनॉलला लावले, त्यांनीच एका अंदाजावर तो नळ बंद केला. इथेनॉलचा हुकूम आठवडाभरात थोडा सैल केला आणि पुढच्या हंगामासाठी मागे घेतला. कांद्याची बंदी मे २०२४ पर्यंत चालली. या जिल्ह्याने त्याची किंमत कशी मोजली, ते इथे सांगायची गरज नाही.

आणि तेलाचा भाव पडतो तेव्हा काय होते? २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेच्या वायदे बाजारात पिंपाचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर गेला. घेऊन जा आणि वर पैसे घ्या, अशी गत. त्यानंतर सोळाच दिवसांनी केंद्र सरकारने डिझेलवर लिटरमागे १३ रुपये आणि पेट्रोलवर १० रुपये कर वाढवला. तेल स्वस्त झाल्याचा फायदा पानेवाडीच्या पुढे आलाच नाही. जगातल्या कोणत्याही मॉडेलमध्ये ही ओळ नसते.

मग ट्रॅक्टर की बैल?

प्रश्नाचे उत्तर टाळणार नाही. तेल संपणार म्हणून ट्रॅक्टर नाकारू नका आणि डिझेल स्वस्त राहील म्हणून घेऊही नका. वर्षाला तो किती तास चालेल, भाड्याने काम केले तर किती पडते, बैलजोडीला वर्षभर चारा किती लागतो, हे आधी लिहून काढा. मग डिझेलचा भाव दीडपट धरून तोच हिशेब पुन्हा करा. दुसऱ्या हिशेबातही हप्ता निघत असेल तर घ्या. निघत नसेल तर शेजाऱ्याचा भाड्याने लावा.

समजा, एखाद्याला हंगामाला २०० लिटर डिझेल लागते आणि ४० क्विंटल कापूस होतो. डिझेल लिटरमागे १० रुपयांनी वाढले तर २,००० रुपये गेले, म्हणजे क्विंटलमागे ५० रुपये. युरिया, वाहतूक धरून आणखी काही वाढवा. आणि आता आठवा, एका निर्यातबंदीने क्विंटलमागे किती भाव पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याला तेलाच्या शिखरापेक्षा सरकारी ताळेबंदाची भीती मोठी आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. तेलाचा असो, पावसाचा असो, कापसाच्या गाठींचा असो, अंदाज पुढे आला की तीन प्रश्न विचारा. एकूण किती, हा आकडा कोणी आणि कशावरून धरला? कोणता भाव आणि कोणते तंत्र धरून धरला? आणि तो चुकला तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'शेतकऱ्याच्या' असे येत असेल, तर त्या अंदाजावर हुकूम काढायचा अधिकार कोणाला असू नये.

हबर्ट चुकले, कॅम्पबेल अर्धे चुकले. पण त्यांच्या चुकीने कोणाची तेलविहीर जप्त झाली नाही. भाव वाढला, माणसे कामाला लागली, नवे तेल निघाले. कापूस, कांदा, ज्वारी, इथेनॉल यांनाही तेवढीच मोकळीक द्या, म्हणजे माल कमी पडेल या भीतीने एवढे ताळेबंद मांडायची पाळीच येणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक कागद आणावा. गेल्या हंगामात डिझेल किती लिटर लागले, युरियाच्या किती गोण्या लागल्या, कापूस किती क्विंटल झाला आणि काय भावाने गेला, एवढे चार आकडे त्यावर असावेत. ते एकत्र करून आपण आपलाच ताळेबंद मांडू. काटा आपला असेल, मोजणीही आपली असेल.